वाकसाला कुऱ्हाड

लालबागमध्ये अजून छातीठोकपणे सांगतात की धोंडू मेस्त्रीने एका हवालदाराचा हात मनगटापासून उडवला. एका घावात. मसाल्याच्या डंकणीपाशी ही गोष्ट ऐकलीत तर हात उजवा असतो, मेस्त्रीने तो भुशात गुंडाळून पेटीत ठेवलेला असतो आणि पेटी उघडली तेव्हा बोटं अजून हलत असतात. परळच्या नाक्यापर्यंत जाईतो दोन हात होतात. माझ्या गिरगावच्या मावशीने तर मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या चाळीतल्या सुताराने म्हणे फौजदाराचं मुंडकं रंध्यावर घासलं, खरं का गं? मुंडकं रंध्यावर घासत नाहीत, रंधा मुंडक्यावर घासतात. एवढं तरी मावशीला कळायला हवं होतं.

खरं काय ते मी सांगते, कारण मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले होते आणि माझ्यापुढे फक्त कठडा होता. हात तुटला नाही. अंगठ्याचं मांस गेलं, चिंचोक्याएवढं, आणि तेही हवालदाराने स्वतःच कापून घेतलं. मेस्त्रींनी त्या दिवशी कुणाला बोट लावलं नाही. काठ्या पडल्या त्या मेस्त्रींनाच. अकरा. त्यातली एकही दगडफेकीसाठी नव्हती की घोषणेसाठी नव्हती.

मेस्त्री कुडाळकडचे. दोन्ही भाऊ गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले, हे लाकडाला चिकटून राहिले. आमच्या जिन्याखाली पत्र्याचं खोपटं होतं, त्यात पाट, पोळपाट, खाटा, दारं असं काय काय घडवायचे. अंगाने वाळके, छातीची फासळीन् फासळी मोजून घ्यावी. आवाज मात्र असा की ओल्या सागात करवत अडकली आणि कुणीतरी ती ओढतंय. बायको आनंदीबाई. तिचा आवाज करवतीचा नव्हता, घणाचा होता.

मेस्त्रींच्या रागाला बाकी कशाचं काही नसायचं. पैसे उशिरा द्या, चालेल. पोळपाट परत आणून टाका, चालेल. अवजाराला भलत्या नावाने हाक मारलीत की संपलं. राजाराम वाणी एकदा दुकानाच्या फळीसाठी आला आणि म्हणाला, ते गोल फिरवून भोक पाडायचं तुमचं ते द्या जरा. मेस्त्रींनी दिलं. मोगरी दिली, म्हणजे लाकडी हातोडा, आणि तो हातात दिला नाही, फेकून दिला. राजारामच्या खांद्याला अंड्याएवढं टेंगूळ आलं. वर मेस्त्री त्याला म्हणाले, "गिरमिट म्हण. जीभ झिजाची नाय तुझी."

चाळीतले आम्ही सगळे त्यामुळे न शिकता शिकलो होतो. लाकूड तासायचा तो वाकस, आडव्या पात्याचा. कुऱ्हाडीचं पातं उभं असतं, मेस्त्रींच्या मते यापुढे माणसाला आणखी काही कळलं नाही तरी चालतं. खाच पाडायची ती पटाशी. तिचं अरुंद पोर ते किंकरं. फळीच्या कडेशी सरळ रेघ ओढणारा खतकस. काटकोन बघायचा गुण्या. पेटीत एकूण तेवीस नग, बरेचसे वडिलांचे. वाकसाचा दांडा तर आजोबांच्या हाताने झिजलेला, मधे कंबर आल्यासारखा. ही पेटी गेली तर धोंडू मेस्त्री म्हणजे नुसता एक वाळका माणूस उरणार होता. हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही होतं.

आणि अमावास्या. सुतार अमावास्येला लाकडाला हात लावत नाही. त्या दिवशी फक्त धार. मेस्त्री सकाळी अंघोळ करून धारेचा दगड मांडायचे, पाणी शिंपडायचे आणि संध्याकाळपर्यंत एकेक पातं घासत बसायचे. पातं झालं की हातावरचे केस भादरून बघायचे. महिन्यातून एकदा त्यांचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत व्हायचा.

त्या वर्षी पौषातली अमावास्या नेमकी संक्रांतीच्या तोंडावर आली. अमावास्येला तेवीसच्या तेवीस नगांना, म्हणजे धार असलेल्या सगळ्यांना, धार लागली. मग संक्रांत, मग रविवार. मग सोमवारी मेस्त्री लाकूड आणायला वखारीत गेले आणि संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राकडे राहणार. मंगळवारी गिरण्या बंद. पेटी तशीच राहिली, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली, एक ढलपीही न कापलेली.

मंगळवारपासून जे सुरू झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. नाक्यावर टायर जळत होते, बसची काच पायाखाली साखरेसारखी वाजत होती. अश्रुधूर चाळीत शिरला की बायका कांदा फोडून नाकाला लावायच्या. बुधवारी दुपारी गोळीबार झाला. आधी वाटलं फटाके, मग कुणीतरी रस्त्यातून ओरडत आलं की रघु पडला. रघु आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा, साचेवाला. मांडीत गोळी. मेस्त्रींनी राजाराम वाण्याच्या दुकानासाठी नवंकोरं दार केलं होतं, अजून पॉलिशही नव्हतं. ते त्यांनी एकट्याने डोक्यावर घेतलं आणि रस्त्यात धावले. वरून गोळ्या चालू, आणि हा माणूस दार घेऊन धावतोय. चौघांनी रघूला त्या दारावर घालून हॉस्पिटलात नेलं. रघु वाचला, पाय राहिला नाही. दार परत आलं ते मेस्त्रींनी खोपट्याला टेकवून ठेवलं. त्याच्या मधोमध माणसाच्या आकाराएवढं लाल होतं आणि खाली ओघळ वाळले होते.

गुरुवारी सकाळी शेजारच्या गच्चीवरून दगड आले आणि पोलीस आमच्या चाळीत शिरले. काठ्यांनी आधी कठड्यावरच्या कुंड्या फुटल्या, मग माठ, मग माणसं. कमळाबाई दारात तांदूळ निवडत होत्या, त्यांच्या सुपावर बूट पडला. पहिल्या मजल्यावरच्या दोघांना केसाला धरून पायऱ्यांवरून खाली आणलं. एकाचं डोकं प्रत्येक पायरीवर वाजत होतं, मी मोजल्या, चौदा पायऱ्या. मग एका शिपायाला ते दार दिसलं. दारावरचं रक्त दिसलं, रक्ताच्या मागे खोपटं दिसलं, खोपट्यात पेटी दिसली. पेटी चौकात आणून उघडली, फडकी सोडली आणि सगळी पाती एकदम चमकली.

फौजदार चाळीच्या दारातच राजारामच्या स्टुलावर बसला होता. थकलेला, डोळे लाल. त्याने वाकून पेटीत पाहिलं आणि हवालदाराला सांगितलं, "सामान लिहू नकोस. शस्त्रं लिही."

पंच म्हणून राजाराम वाण्याला आणि माझ्या वडिलांना ओढलं. आमचे अप्पा गिरणीच्या कचेरीत कारकून, कागदावर सही करायची म्हटलं की आधी टाक झटकणारे. मेस्त्रींना गुडघ्यावर बसवलं. हवालदार साताऱ्याकडचा असावा. मिशा जाड, बोलणं संथ, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने एकेक नग उचलून दाखवणार. शिपाई लिहिणार.

त्याने वाकस उचलला. "लिव्ह. कुऱ्हाड, एक."

"वाकस," मेस्त्री म्हणाले.

काठी पाठीवर पडली. ओल्या गादीवर पडावी तसा आवाज आला.

"सुरा, एक," पटाशी.

"पटाशी."

काठी. मग दुसरी पटाशी, तोच सुरा, तेच नाव, तीच काठी. किंकऱ्याचा खंजीर झाला. गिरमिटाचं भोसकायचं टोचं झालं. रंध्यापाशी मला वाटलं आता हवालदार अडकणार, ह्याला शस्त्र काय म्हणणार? अडकला नाही. छुपं पातं असलेली पेटी, एक. मेस्त्रींनी प्रत्येक वेळी खरं नाव सांगितलं आणि प्रत्येक वेळी मार खाल्ला, आणि दर काठीला त्यांचा आवाज एकेक पट्टी वर जात होता. सहाव्या काठीला शर्ट फाटला. नवव्याला रक्त आलं. आनंदीबाई वरून ओरडत होती की मेल्या गप बस, म्हणूदेत काय म्हणतत ते, जीव जातलो तुझो. अप्पांनीही खाली वाकून कुजबुजत सांगितलं की मेस्त्री, पुढे बघू. मेस्त्री अप्पांना काय म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं, कारण तेवढ्यापुरता हवालदार दम खात होता.

"पुढे कागद बोलतलो, अप्पानू. माका कोण इचारतलो?"

तेव्हा अप्पा सरळ उभे राहिले. कारण खरंच होतं. मॅजिस्ट्रेटपुढे पेटी जाण्याआधी यादी जाणार होती. कुऱ्हाड, सुरे, खंजीर म्हटलं की दंगलीचा शस्त्रसाठा. मेस्त्री आत आणि पेटी सरकारजमा. अकरा काठ्या झाल्या तरी हा माणूस पाठ वाचवत नव्हता, पेटी वाचवत होता.

बारावा नग सगळ्यात रुंद पटाशी. हवालदाराने ती उन्हात धरली आणि विचारलं की ही धार कवा लावली रं. मेस्त्रींनी सांगितलं, अमावाशेक. फौजदार स्टुलावर हसला आणि म्हणाला, दंगलीच्या आधी चार दिवस, वा, तयारी बघा. हवालदाराने अंगठा पात्यावर आडवा ठेवला, अगदी हलकेच. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून अर्धी वीट आली आणि आमच्या पत्र्यावर बॉम्बसारखी आदळली. हवालदार दचकला. पटाशीला दचकणं म्हणजे काय ते कळत नाही. अंगठ्याचा तुकडा खाली पडला आणि रक्ताची चिळकांडी थेट शिपायाच्या यादीवर. मुंडकं, मनगट, हलणारी बोटं, सगळं काही ते एवढंच.

पण त्याचं मोल मेस्त्रींनी दिलं. दुसऱ्या शिपायाने त्यांचा उजवा हात फरशीवर दाबून धरला आणि हवालदाराने त्यावर बूट ठेवून पूर्ण वजन टाकलं. दोन बोटं मोडली, करंगळी आणि तिच्या शेजारची. सुकी वाळकी काडी मोडते तसं, दोनदा. मेस्त्री आडवे झाले. अंगठ्याला रुमाल बांधल्यामुळे हवालदाराला आता काठी धरता येईना, म्हणून उरलेले नग नुसतेच लिहिले गेले. मेस्त्री फरशीला गाल लावून पडल्या पडल्या प्रत्येकाचं नाव सांगत राहिले. कानस. गुण्या. खतकस. शेवटची बारा नावं त्यांना फुकट पडली.

अप्पांनी सही केली. केली म्हणजे केली. टाक झटकलाही नाही. मेस्त्रींना त्यांच्याच ओळंब्याच्या दोरीने बांधून नेलं आणि अप्पा दोन दिवस जेवले नाहीत.

पाच आठवड्यांनी खटला उभा राहिला. मी कोर्टात नव्हते, पण अप्पांनी घरी येऊन इतकं सविस्तर सांगितलं की पाहिल्यासारखंच आहे. सगळा भर धारेवर. सरकारी वकील म्हणाला, नेहमीच्या कामाची अवजारं असती तर कुठेतरी बोथट असती, कुठेतरी लाकडाचा डाग असता. ही तर सगळी कोरी, वापराची वाट बघत असलेली. मेस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, अमावाश्या होती. कोर्टात हसू झालं. मग पंच म्हणून अप्पांना उभं केलं, ही सही तुमची का? माझी. यादी खरी का? आमचे अप्पा, ज्यांनी साहेबासमोर कधी खोकलासुद्धा काढला नव्हता, ते म्हणाले, "सही खरी आहे, यादी खोटी आहे." आणि त्यांनी कोटाच्या खिशातून पंचांग काढलं. संक्रांतीच्या तोंडावर अमावास्या, छापलेली. मेस्त्री मागच्या अमावास्येला काय करतो, त्याच्या मागच्या अमावास्येला काय करतो, सगळं सांगितलं, डाव्या हाताचे केससुद्धा. मॅजिस्ट्रेटने मेस्त्रींना बाही वर करायला लावली. तुरुंगातही एक अमावास्या होऊन गेली होती, धार लावायला काही नव्हतं. दोन्ही हात सारखेच केसाळ. त्यावर मॅजिस्ट्रेट म्हणे पहिल्यांदा हसला. सोडून दिलं. मुद्देमाल यादीप्रमाणे परत करावा.

यादीप्रमाणे. तिथेच घोडं अडलं.

चौकीत पावती तयार होती. कुऱ्हाड एक, सुरे सहा, खंजीर चार, वरील शस्त्रे मिळाली, सही. मेस्त्रींनी वाचून घेतली आणि सही न करता घरी आले. आठ दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्यांदाही तसंच. पेटी समोर दिसायची, हात लावता यायचा नाही. घरात काम येऊन पडलेलं, दोन बोटं वाकडी जुळलेली, आणि हा माणूस उसन्या करवतीने पाट कापायला तयार पण कागदावर सही करायला तयार नाही. आनंदीबाई रोज सकाळी सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं विचारायची की नावाक काय चाटतलंस काय, आणि एकदा तिने उलथनं फेकून मारलं. लागलं. मेस्त्रींनी कपाळ पुसलं आणि म्हणाले की सही केली तर उद्या कोणीही कागद काढून म्हणेल की धोंडूकडे कुऱ्हाडी होत्या, त्यानेच लिहून दिलंय. दंगल काय पुन्हा होणार नाही?

होळी झाल्यावर ते चौथ्यांदा निघाले. मोडक्या हाताने पेटी एकट्याला उचलणार नव्हती, दुसऱ्या कडीला कुणीतरी हवं होतं आणि आनंदीबाईने मी येत नाही म्हणून दार लावून घेतलं होतं. म्हणून मी गेले. वाटेत मी त्यांना सांगितलं की मेस्त्री, आज तुम्ही त्याच पावतीवर सही करणार. त्या हवालदाराला वाकस आणि विळी यातला फरक कळत नाही, तो काय नवी यादी लिहिणार? मेस्त्री म्हणाले, पैज. मी जिंकले तर त्यांनी चाळीच्या चौकात उभं राहून, सगळ्यांदेखत, वाकस हातात धरून त्याला कुऱ्हाड म्हणायचं. मला तर आत्ताच हसू फुटत होतं. तो आवाज, तो चेहरा, आयुष्यभर पुरला असता. मी हरले तर?

"तर पेटी तुझ्या एकटीच्या डोक्यार."

चौकीत तोच हवालदार होता. अंगठ्यावर खळगा राहिला होता. त्याने बघितलं नाही, नुसता कागद पुढे सरकवला. मेस्त्रींनी तो परत सरकवला. असं तीनदा झालं. मग मेस्त्रींनी पेटी उघडली, रंधा काढला आणि टेबलावर पात्यावर उभा ठेवला. धारेवर. मी दचकलेच. सुतार रंधा नेहमी कुशीवर आडवा ठेवतो, नाहीतर धार जाते, आणि मेस्त्रींना असं करताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

हवालदाराचा हात आपोआप पुढे आला. त्याने रंधा उचलून कुशीवर आडवा ठेवला.

मेस्त्रींनी हळूच विचारलं, "तुमच्या गावात नांगर कोण भरता, हवालदारानू?" नांगर भरायचा म्हणजे घडवायचा, ते काम सुताराचं.

हवालदाराचे कान लाल झाले होते. मग त्याने जुनी पावती फाडली, कोरा कागद घेतला आणि लिहायला लागला. मेस्त्रींनी एक शब्द सांगितला नाही. पेटीत न बघता तो लिहीत गेला. वाकस एक. पटाश्या सहा. किंकरी चार. खतकस, जो शब्द अप्पांनी कोर्टात जाण्याआधी आनंदीबाईला दोनदा विचारून घेतला होता, तो त्याने न अडखळता लिहिला. तेवीसच्या तेवीस. शेवटी खाली शस्त्रे न लिहिता सुतारकामाचे सामान लिहिलं आणि कागद फिरवला.

मेस्त्रींनी वाकड्या बोटांच्या हातात टाक धरून सही केली. अर्धी अक्षरं ओळीखाली गेली.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं की याला माहीत होतं तर त्या दिवशी एवढं मारलं का. मेस्त्री म्हणाले की त्या दिवशीसुद्धा चौकात त्याने रंधा खाली ठेवला तो आडवाच ठेवला होता, सगळ्यांचं लक्ष काठीकडे होतं. सुताराच्या घरातला असणार.

"म्हणानच तर जोरान मारल्यान," ते म्हणाले, आणि डोक्यावर ठेवायला मला चुंबळ करून दिली, स्वतःच्या खांद्यावरच्या पंच्याची.

पेटीत लोखंड किती असतं याचा मी कधी विचार केला नव्हता. चौकी ते चाळ, भर दुपारी, गिरणीची पाळी सुटलेली आणि सगळा रस्ता माणसांनी भरलेला. मी मधे एकदा राजारामच्या ओट्यावर पेटी टेकवायला गेले तर मागून करवत अडकल्याचा आवाज आला की टेकवू नको, आत धार हलतली. ओळखीच्या सतरा जणांनी विचारलं, हे काय गं? मेस्त्रींनी सगळ्यांना शांतपणे सांगितलं की पैज हरली. माझी मान पुढचे चार दिवस उजवीकडे वळत नव्हती.